काकडीच्या बियांची बरणी

मी, शांतम्मा चंद्रप्पा, वय सेहेचाळीस, राहणार लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. पोटात गाठ आहे, डोकं शाबूत आहे. नवऱ्याचं नाव कायद्यापुरतं लावलं आहे.

१. शिवणक्लासवर उभं केलेलं माझं घर आणि सगळी यंत्रं क्लासात माझ्या हाताखाली शिकलेल्या सिद्धम्माला द्यावीत. दवाखान्यात उशाशी तीच बसली. लातूर जिल्हा झाला, शेजारी कचेऱ्या आल्या, जागेला भाव आला, तेव्हा रेणापूरच्या चंद्रप्पांना बायको आठवली. त्यांना या घरातला खिळाही मिळू नये.

२. बहात्तरच्या दुष्काळात गोदामातली ज्वारी राखायला त्यांनी कुत्रं आणलं. आमचा चार वर्षांचा मन्मथ दिवसभर त्याच्या अंगावर लोळायचा. पुढे पोराच्या शौचात पांढरे तुकडे दिसले. कंपाउंडर म्हणाला, असले पट्टकृमी मांसातूनच होतात. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून ओरडल्या, "लिंगायताच्या पोराला मटण चारलंस? काढ गळ्यातलं लिंग." मी काढलं नाही. मला घराबाहेर काढलं आणि मूल ठेवून घेतलं.

माझा भाऊ विरूपाक्ष गुरांचा डॉक्टर. त्याने ते तुकडे एका बरणीत आणि मांसातून होणारा कृमी दुसरीत घालून दोन्ही चंद्रप्पांसमोर ठेवल्या. "दाजी, हे कुत्र्याचं हाय. पिसू पोटात गेली की होतंय. मांसाचा लई येगळा असतो, बघा तरी."

"ढोराच्या डाक्टरनं आम्हाला शिकवू न्हाई," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं. वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं.

३. विरूपाक्ष आता नाही. त्याच्या दोन्ही बरण्या मन्मथला द्याव्यात. बाळा, एकीत मांसातून होणारा कृमी आहे. फितीसारखा, रुंद, प्रत्येक तुकड्याला एकाच कडेला छिद्र. दुसरीत तुझे तुकडे आहेत. काकडीच्या बियांसारखे, दोन्ही कडांना छिद्र. भिंग सोबत ठेवलं आहे. आईने तुला बाटवलं हे ऐकत तू मोठा झालास, याचं दुःख गाठीपेक्षा जास्त आहे.

४. इष्टलिंग माझ्या तळहातावर ठेवून मला पुरावं. चंद्रप्पांनी मातीला हात लावू नये. मन्मथने बरण्या पाहिल्या, तर पहिली मूठ त्याची. पाहिल्या नाहीत, तर त्यानेही घरीच बसून कुत्रं राखावं.

खालील दोघांनी सही करण्याआधी दोन्ही बरण्या उजेडात धरून पाहिल्या. चहा निवायच्या आत पाहून झालं.

साक्षीदार: मलप्पा ईश्वरप्पा, लातूर
रेवणसिद्ध स्वामी, लातूर

सही: शांतम्मा
लातूर, ४ मार्च १९८७