करंगळीचा दुसरा डाग

पादोव्हा, ऑक्टोबर अखेर

प्रिय तादेओ,

बाबांच्या ल्यूटवर दुसरा डाग पडलाय, आणि तो याच वर्षीचा आहे. हे माझं म्हणणं नाही. येर्गकाकांनी काल त्यांच्या वाद्यांच्या दुकानाच्या दारात, ल्यूटच्या पोटावरची तबली उजेडाकडे तिरपी धरून, चष्मा दोनदा पुसून सांगितलं. हवेतल्या ओलीनं तारांखालची घोडी सुटली होती म्हणून मी ल्यूट त्यांच्याकडे नेलं होतं. पण पाहताच त्यांनी विचारलं ते घोडीबद्दल नव्हतं. म्हणाले, अगं ओर्सोले, तादेओ घरी आलाय आणि मला कुणी सांगितलंही नाही?

इथे धुकं उतरलंय. कालव्यावरच्या होड्या आधी ऐकू येतात, मग दिसतात. अशा दिवसांत मला आपलं लहानपण आठवतं. आपण दोघं टेबलाखाली पालथे पडून बाबांचा उजवा हात बघायचो. करंगळी तबलीवर टेकलेली, कोरीव जाळीच्या फुलाशेजारी, कायम एकाच जागी. तिथला तो चेस्टनटएवढा काळसर डाग त्यांच्या सगळ्या आयुष्याचा. आणि अंगठा बोटांच्या मागून तळहातात शिरायचा, दिसेनासा व्हायचा, पुन्हा यायचा. मला वाटायचं, त्यांच्या मुठीत मांजराचं पिल्लू झोपलंय आणि सूर म्हणजे त्याचा श्वास.

मग तू अंगठा बाहेर काढलास. हात करंगळीसकट घोडीकडे सरकवलास, अंगठा बोटांच्या पुढे, मोकळा. सूर खणखणीत आले. बाबा म्हणाले, वाजवतोयस की कोंबडीची पिसं उपटतोयस? तू म्हणालास, तुमचं वाजवणं या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. त्यावर ते जे बोलले ते मी पुन्हा लिहीत नाही. तुला पाठ असेल. तू बोलोन्याला गेलास, आणि त्या दिवशी उकडलेली पोलेंताची लापशी रात्रीपर्यंत तशीच थिजून राहिली.

बाबा अजूनही सकाळी जर्मन विद्यार्थ्यांना अंगठा आतच ठेवायला लावतात. परवा एकाचा बाहेर डोकावला तर म्हणाले, त्याला थंडी वाजेल, आत घे. पोरं हसली. दुपारी मात्र ते मला बाजारात धाडतात. कधी लसूण, कधी मेणबत्त्या. लसणाच्या माळा घरात लोंबताहेत, तरी लसूण. मागच्या आठवड्यात मी टोपली विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले आणि जिन्यातच थबकले. वरून तुझी ती संथ नाचाची धून ऐकू येत होती, जाण्यापूर्वी तू बसवत होतास ती. क्षणभर मला खरंच वाटलं तू वर आहेस. पण उतरणीचे सूर आले तिथे अंगठा तर्जनीवर आपटला. सूर थांबले. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथेच. अधूनमधून बाबा स्वतःलाच शिव्या देत होते, अगदी तुला द्यायचे त्याच. मी पावलं न वाजवता खाली उतरले आणि नको असलेला लसूण घेऊन आले.

हे सगळं मी येर्गकाकांना सांगितलं. ते म्हणाले, ईस्टरला तबली मीच पुसून दिली होती, तेव्हा घोडीजवळ काही नव्हतं. आता तिथे मसुरीच्या डाळीएवढा डाग आहे. मग आवाज उतरवून म्हणाले, तुझ्या बापाच्या अंगठ्याचं मूळ सुजलंय, बघितलं नाहीस? तो आता आत वळायचा नाही. तुझ्या भावाची तऱ्हा हाताला बसली तर म्हातारा वाजवेल, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत ल्यूट खुंटीला. शिकवणारे गावात दोघं-तिघं आहेत गं, पण तुझा बाप त्यांच्यापुढे बसेल? मी विचारलं, डाग पुसून टाकायचा का. ते म्हणाले, तुझ्या बापानं निरोप धाडलाय, घोडी चिकटव, बाकी कशाला हात लावू नकोस.

तादेओ, बाबा तुला बोलावणार नाहीत. मी लिहितेय हेही त्यांना ठाऊक नाही, आणि तू त्यांच्याकडून माफीची वाट बघत असशील तर ती यायची नाही. जे आलंय ते मसुरीच्या डाळीएवढं आहे, आणि ते मी तुला कळवलं. संत मार्टिनच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला, नव्या दारूची पिंपं उघडतात त्या दुपारी, काका ल्यूट पोचतं करतील. बाबा मला कशाला तरी बाजारात धाडतीलच. मी जाईन आणि सावकाश येईन. खालचं दार नुसतं लोटलेलं असेल. जिन्यात जरा थांब. उतरणीच्या सुरांवर ते अडखळतील. तेव्हा आत जा.

तुझीच,
ओर्सोला