शेवटल्या केळीचे पाणी

रहाटाची ती कुरकुर अजून माझ्या कानात आहे. वसईला आमच्या वाडीत बावखलाच्या, म्हणजे पाण्याच्या डबक्याच्या, काठी रेडा गोल फिरायचा, पोहरे पन्हळीत पाणी ओतायचे आणि रेड्यामागून आम्ही दोघे पोरे, मी आणि मार्शल, शाळेतल्या कविता म्हणत चालायचो. कविता थांबली की रेडा थांबे. माझ्या आवाजावर तो दहा फेऱ्या घाली. मार्शलच्या आवाजावर आपण रेडा आहोत हेच विसरे. माझा मत्सर तिथे जन्मला, आणि एका अर्थी हा कागदही.

तर मी, ब्लेझ सायमन तुस्कानो, वय अडुसष्ट, निवृत्त मराठी शिक्षक, मूळ राहणार वसई, हल्ली राहणार कालगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया, देवबापाला स्मरून लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. चारुदत्त ओगले यांनी आजच तपासले. रक्तदाबाविषयी ते जे बोलले त्याचा डोक्याशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. याआधी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. वकिलासाठी याचे इंग्रजी माझी नात जुडिथ करील. मला भाषांतर करू देऊ नये. कारण पुढे येईल.

कलम एक. हे पत्र्याच्या छपराचे घर माझा मुलगा लिओ याला द्यावे. तो इथल्या खाणीत इंजिनियर आहे. जमिनीखालचे त्याला सगळे कळते, वरचे बेताचे. म्हणून स्पष्ट लिहितो: परसातली केळ तोडायची नाही. भांडी विसळलेले पाणी तिला रोज घालायचे. या गावाला पाणी साडेतीनशे मैलांवरून नळाने येते. आपण पाटाच्या अगदी शेवटल्या टोकाला राहतो, हे विसरू नये. मागच्या खोलीचे कलम पाचमध्ये बघावे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते जुडिथच्या शिक्षणासाठी. माझी कवितांची सगळी क्रमिक पुस्तकेही तिलाच. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, पण वाचते अस्खलित. कविता पाठ करून घेऊन शिकवले आहे. सध्या ती पर्थला युनिला असते. आज दुपारी एका पाहुण्याला घेऊन येते म्हणाली. "आजोबा, यू'ल लाइक हिम." लिओला काळजी लागली आहे. मला नाही.

कलम तीन. माझी दिवंगत पत्नी फिलोमिना हिचे शिवणयंत्र आमच्या पॅरिशमधल्या बायकांना द्यावे. फादर मार्शल घोन्साल्विस, म्हणजे रहाटामागचा तोच मार्शल, १९७९ पासून सुदानच्या दक्षिणेत धर्मकार्य करतो. १९८३ साली तिथे पुन्हा लढाई पेटली. तेव्हा फिलोमिनाने आमच्या फादर केविनना गाठले आणि हे सोन्याच्या खाणीचे गाव त्या मिशनच्या पाठीशी उभे केले. बायकांनी कपडे शिवले. खाणवाल्यांनी हातपंप आणि बोअरचे सामान पाठवले. भोके पाडणे त्यांना ठाऊक, पाणी लागल्याचा आनंद मात्र नवा. हे सगळे चांगले झाले. मला सोसले नाही, तेही लिहितो. देवळाच्या दारातल्या फळ्यावर त्याचा फोटो, दर रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत त्याचे नाव. मी बारा वर्षे तिसऱ्या बाकावर बसतो. फादर केविन अजून मला "मिस्टर टस्कनी" म्हणतात.

कलम चार. जे माझे नाही ते देता येत नाही, पण नोंदवता येते. १९३१ साली शाळेच्या काव्यगायन स्पर्धेत मार्शलने चांदीचा पेला जिंकला. म्हटलेली कविता माझी होती:

पाणी म्हणे पाटा, जरा दूर ने,
शेवटल्या केळीला आधी घोट दे.

कवी कोण हे हेडमास्तरांनी विचारले नाही आणि मार्शलने सांगितले नाही. पुढे तिकडून त्याने पहिल्याच पत्रात या ओळी लिहिल्या. फादर केविनना त्या इतक्या आवडल्या की त्यांचे इंग्रजी करून कापडी फलक करायचे ठरले. शेवटल्या झाडाला आधी पाणी. तो फलक फिलोमिनानेच शिवला. दोरा ओवता ओवता तिने विचारले, "अहो मास्तर, खाली तुमचे नाव घालू?"

"नको."

तिने दुसऱ्यांदा विचारायला हवे होते. नाही विचारले. वर म्हणाली, "त्याला देवाने आवाज दिला, तुम्हाला शब्द दिले. रुसायचे काय त्यात?"

"पेला आवाजाला मिळतो."

"मग घाला एकदाचे पाणी त्या पेल्यात आणि गप्प व्हा."

ती १९८४ साली गेली. त्या फलकाखालीच तिची शवपेटी ठेवली होती. मी फलकाकडे बघत होतो. याची मला अजून लाज वाटते.

कलम पाच. माझ्या टेबलाच्या खणात मार्शलची चौदा पत्रे आहेत. ती सर्व मराठीत आहेत. वाटेत दोन्हीकडचे सैनिक टपाल फोडतात, इंग्रजी वाचतात, अरबी वाचतात, वसईची मराठी त्यांच्या बापालाही वाचता येत नाही, म्हणून. ती इंग्रजीत करून मिस्सानंतर वाचून दाखवायचे काम माझ्याकडे होते. इथे माझा गुन्हा सुरू होतो.

मी भाषांतरात त्याला लहान केले. तापाने फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन तो दोन दिवस चालला. मी वाचले, "एका मुलीला बरे नव्हते." बंदूकवाल्यांसमोर तो मिशनच्या शाळेच्या दारात उभा राहिला. मी वाचले, "शाळा व्यवस्थित चालू आहे." इतके करूनही लोक डोळे पुसत. माझ्या रटाळ इंग्रजीतूनही त्याचा आवाज पोचत होता.

मग या फेब्रुवारीत चौदावे पत्र आले. शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवतो:

"ब्लेझ, धर्मप्रांताने मला निघायला सांगितले आहे. डोळे गेल्यात जमा. तुझ्या पॅरिशने हमीचे पत्र दिले तर मी येऊ का? एखादी खोली असेल तर बघ. पेल्याची कविता कोणाची ते मी कधी सांगितले नाही. आलो की तुझ्या लोकांसमोर उभा राहून सांगेन. ते राहिले आहे."

हा परिच्छेद मी वाचला नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो आमच्या वेदीवर उभा राहिला, माझ्या स्वयंपाकघरात बसला, जुडिथ त्याच्या कविता ऐकू लागली. जगाच्या या टोकाला माझा म्हणून एक रेडा उरला होता, तोही त्याच्या आवाजावर चालला असता. म्हणून मी गाळले. त्याच परिच्छेदात माझे नाव होते, तेही त्याबरोबर गेले. पन्नास वर्षे ज्याची वाट पाहिली ते मी माझ्या हाताने कापले.

ईस्टरला जुडिथने पत्र पाहिले. "आजोबा, यू स्किप्ड अ बिट."

"खाजगी आहे ते."

"देन व्हाय रीड इट इन चर्च?"

"मोठ्यांच्या गोष्टी आहेत, बाळ."

"नो वरीज," ती म्हणाली आणि पत्र खणात ठेवले.

जूनमध्ये मार्शलच्या मिशनचे गाव लढाईत पडल्याची बातमी आली. नंतर पत्र नाही. रविवारी सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतात आणि माझ्या तोंडून आमेन निघत नाही. तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. नसला तर त्याला मी मारले, असे जुडिथने इंग्रजीत स्वच्छ लिहावे. गाळू नये.

म्हणून माझी इच्छा अशी की मागची खोली, पूर्वेची खिडकी आणि नवी गादी धरून, फादर मार्शल घोन्साल्विस यांना तहहयात द्यावी. ते कधीही आले तरी. ते येणार नाहीत असे कळले तर खोली रिकामी ठेवावी आणि लिओने तिथे खाणीचे बूट ठेवू नयेत. चौदाही पत्रे खरी भाषांतरित करून देवळात वाचावीत. फलकावर माझे नाव घालू नये. हे मी मनापासून लिहिले आहे, दुसऱ्यांदा विचारू नये.

स्थळ कालगुर्ली. शनिवार, २० सप्टेंबर १९८६.

साक्षीदार पहिले: डॉ. चारुदत्त ओगले. समोर बसून चहा पीत आहेत. "मास्तर, मी चार वाजता शिफ्टला जातो हां," तिसऱ्यांदा म्हणाले.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या ॲग्नेसबाई. त्या आल्या की तिघे मिळून सह्या करू. दार वाजले. त्याच असतील. चारुदत्त उघडायला गेले आहेत.

ॲग्नेसबाई नाहीत. जाळीच्या दारापलीकडे जुडिथ उभी आहे, आणि तिच्या खांद्यावर हात टेकून एक वाळलेला म्हातारा, काळा चष्मा लावलेला. ती म्हणते, "सॉरी आजोबा. आय ट्रान्सलेटेड दॅट लेटर फॉर फादर केविन. ऑल ऑफ इट. ही सेंट द गॅरंटी."

म्हाताऱ्याने मान वर केली. तोच आवाज.

"ब्लेझ, रेडा थांबलाय रे."

चारुदत्त विचारतात, ॲग्नेसबाईंची वाट कशाला बघायची, हे पाहुणेच करतील की सही?

यांची सही चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि यांना आत खोली दिलेली आहे.