प्रभाच्या जागी सुनीती

गाझियाबाद, शनिवार

तीर्थस्वरूप उल्काताईंना, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सूर्यकांतचा, वाकून नमस्कार. (कंबर वाकलेलीच असते, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुमचे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं काय ठरलं? इथे धुकं असं की समोरची इमारत दुपारपर्यंत दिसत नाही, आणि दिसली की वाटतं, नव्हती दिसत तेच बरं होतं.

प्रभाला जाऊन हा दुसरा हिवाळा. तुम्हाला बोललो नव्हतो, पण तिच्यावर मी बरीच पानं लिहिली होती. अविनाशच्या जुन्या लॅपटॉपवर, एका बोटाने. कुणाला दाखवली नाहीत. त्यासाठी सून विजयालक्ष्मीकडून (तिला मराठी कळतं, बोलते हिंदी) त्या यंत्राची भाषा शिकलो. कट म्हणजे मजकूर उचलणं, पेस्ट म्हणजे दुसरीकडे चिकटवणं, कॉपी म्हणजे मूळ जागेवर ठेवून तसाच दुसरा काढणं. आणि अनडू म्हणजे आत्ता केलेलं न केल्यासारखं करणं. सगळी हयात केंद्र सरकारात गेली, पण अशी सोय कुठेच नव्हती.

तर झालं असं. गेल्या महिन्यात राजाभाऊंची बायको सुनीती गेली. (दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमचे शेजारी होते, तेच.) शोकसभा पहाडगंजच्या मराठी मंडळात ठरली. राजाभाऊ म्हणाले, "सूर्यकांता, तूच लिही. माझ्याने होत नाही." मी बसलो, पण एक ओळ सुचेना. एखाद्या बाईबद्दल मला जेवढं लिहिता येत होतं, तेवढं लिहून झालं होतं. शेवटी प्रभाचीच फाईल उघडली, राजाभाऊंनी फोनवर रडत सांगितलेल्या गोष्टी पहिल्या पानात मध्ये मध्ये घातल्या, आणि 'रिप्लेस ऑल' दाबलं. म्हणजे जिथे जिथे प्रभा, तिथे तिथे सुनीती. चहा गार व्हायच्या आत झालं. पहिलं पान छापून मंडळाचे सचिव दिनकर यांना दिलं, सेव्ह केलं, आणि फाईल बंद केली.

सभेत दिनकरांनी खड्या आवाजात वाचलं, "सुनीती रोज सुनीतीती फिरायला जायची. तिच्या स्वभावाचा सर्वांवर सुनीतीव होता." यंत्राने 'प्रभाती' आणि 'प्रभाव' यांनाही सोडलं नव्हतं! मी मान खाली घातली. हसलं कुणी नाही. मागचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "संस्कृत दिसतंय." राजाभाऊ मात्र माझा हात धरून ढसाढसा रडले. "माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतास रे तू तिला," म्हणाले.

घरी येऊन फाईल उघडली, तर तिच्यात प्रभा नव्हतीच. माझ्या लग्नात सुनीती, अविनाशच्या बारशाला सुनीती, इस्पितळात शेवटचं पाणी मागणारीही सुनीती. विजयालक्ष्मीला हाक मारली.

"पप्पा, फाइल बंद करने के बाद अनडू नहीं होता," ती म्हणाली. "सेव्ह ॲज करना था ना. सेव्ह क्यों किया?"

सेव्ह ॲज म्हणजे जुनं ठेवून नवं वेगळ्या नावाने ठेवणं. नुसतं सेव्ह म्हणजे जुन्याच्या छातीवर नवं. (शाळेत मला या शब्दाचा अर्थ 'वाचवणे' असा शिकवला होता.)

माझा चेहरा पाहून ती शेजारी बसली आणि उलटं रिप्लेस केलं, सुनीतीच्या जागी प्रभा. सगळं परत आलं, प्रभातीसुद्धा. फक्त "प्रभा आणि प्रभा शेजारणी होत्या" एवढं राहिलं, ते मी हाताने सुधारलं आणि देवापुढे साखर ठेवली. तेव्हा आता सर्व ठीक आहे, काळजी नसावी. गुडघ्यांना जपा.

तुमचा,
सूर्यकांत

ता. क. राजाभाऊंनी सांगितलेल्या गोष्टी काढायला बसलो. लुसलुशीत पुरणपोळ्या काढल्या (प्रभाच्या फाटायच्या, तुम्ही जाणताच). रेडिओबरोबर गाणं म्हणणं काढलं. पण एक वाक्य आहे, "माहेरी असताना ती विहिरीत उंचावरून सूर मारायची." हे कोणाचं, ते काही केल्या आठवत नाही. राजाभाऊंना कोणत्या तोंडाने विचारू? प्रभाला इतक्या वर्षांत विचारलं नाही, दिल्लीत विहिरीचा विषय निघतो कुठे? तुम्ही थोरली बहीण, तुम्हाला ठाऊक असणार. तेवढं कळवा, पत्र खरं त्यासाठीच आहे.

आणखी एक ता. क. वाक्य अजून ठेवलं आहे. तिचं नसेल, तर उत्तराची घाई करू नका.