मला सगळं चालतं

३ मार्च, मंगळवार
लेकीचा फोन. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकाच्या निरोपसमारंभात मी दोन बिस्किटं खाल्ली आणि मला सलाईन लागलं, ते तिच्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणाली, "बाबा, खाण्याचं तुम्हाला एकट्याला जमणार नाही. आमच्याकडे या राहायला." बिस्किटं मी मागितली नव्हती. बशी पुढे आली म्हणून घेतली. नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि मग साहेबांसमोर आतड्यांवर भाषण करावं लागलं असतं.

गहू, मैदा, बार्ली यांतलं ग्लुटेन मला चालत नाही. डॉक्टर म्हणतात ही अ‍ॅलर्जी नव्हे, आजार आहे. मी अ‍ॅलर्जीच म्हणतो. म्हणजे मनात म्हणतो.

लेकीच्या मागच्या खोलीत जावयाची व्यायामाची सायकल आहे. ती हलणार नाही म्हणे. तिच्या बाजूला माझी खाट. बरीच घासाघीस झाली. शेवटी मार्च महिना मला मिळाला. या महिन्यात पुन्हा पोट बिघडलं तर एप्रिलपासून माझ्या घराला कुलूप. मी लगेच हो म्हटलं. आजवर माझं खाणं मीच सांभाळत आलो आहे.

निश्चय: शनिवारी दुपारी ही आणि मी बाहेर जेवायला जायचो, तसंच जायचं. खंड नाही.

५ मार्च, गुरुवार
शनिवारची तयारी. खरं तर तयारी लागतच नाही. आमची पद्धत ठरलेली होती. वेटर आला की ही सांगायची, "मला ग्लुटेन चालत नाही." मग उठून आत जायची, आचाऱ्याशी बोलायची. सॉस कशाने दाट करता, कढई वेगळी आहे का, पळी कशात बुडवली होती. तोवर मी मेनूकार्ड वाचायचो. वेटर जेवण ठेवून वळला की आम्ही ताटं बदलायचो. तिच्यापुढचं मला, माझ्यापुढचं तिला. माझ्या पोटाची चारचौघांत चर्चा नाही. सुटसुटीत. कल्पना कोणाची होती आठवत नाही, बहुधा माझीच.

ही जानेवारीत गेली. हृदय. चहा गाळत होती.

बोलण्याची मला भीड आहे असं लेक म्हणते. ते खोटं आहे. आमचं ऑफिस दुकानदारांचे वजनकाटे तपासतं. खोटा काटा मी बेधडक नापास करतो. आता, माझ्या टेबलावर काटे येतात, दुकानदार येत नाहीत, ते बाहेर खिडकीशी असतात. पण मुद्दा तोच.

७ मार्च, शनिवार
आमच्या नेहमीच्या ठिकाणी गेलो. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. वाक्य तयार होतं. पण थोरला वेटर आला आणि त्याने आधी विचारलं, "बाई नाही आल्या?" सांगावं लागलं.

तो खुर्चीची पाठ धरून उभाच राहिला. म्हणाला, "अरेरे. फार जपून खायच्या हो. त्या पोटाच्या दुखण्यानेच गेल्या का?"

मी होकारार्थी मान डोलावली. लांबण लावायची नव्हती.

मग म्हणाला, "आत किचनमध्ये सगळे ओळखायचे त्यांना. तुम्हीपण किती सोसलंत साहेब. बायकोचं असं पथ्य म्हणजे नवऱ्याचेही हाल. आता तरी मोकळेपणाने खा. तुम्हाला तर सगळं चालतं. नेहमीचंच आणतो."

नेहमीचं म्हणजे सॉसमधल्या नूडल्स. त्या ही खायची. तो डोळे पुसत आत गेला होता, त्याला परत कसं बोलवायचं? नूडल्स आल्या. तो पुढ्यात उभा. निम्म्या खाल्ल्या. वर त्याने स्वतःच्या पैशाने केकचा तुकडा आणून ठेवला, म्हणाला, "हा आमच्याकडून. कायम बघत बसायचात त्याच्याकडे, पण बाईंसमोर मागवला नाहीत कधी."

केक चांगला होता. हे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही.

८ मार्च, रविवार
पोट. दिवसभर. पाण्यात काहीतरी असणार, इमारतीची टाकी धुतलेली नाही. लेकीचा फोन तीनदा. मी म्हटलं, "झोप काढतोय."

१२ मार्च, गुरुवार
त्या ठिकाणी आता जाता येणार नाही. तिथे ही माझ्या आजाराने गेलेली आहे. बरं, हिला कधी साधी ढेकरसुद्धा आली नव्हती. दगड पचवायची.

ऑफिसात सगळे माझ्याशी आवाज खाली करून बोलतात. पूर्वी बोलतच नव्हते, ते बरं होतं. हिशेबाच्या टेबलावरच्या बाई डबा पुढे करून म्हणाल्या, "दोन घास घ्या हो, आता तुमचं बघणारं कोण आहे?" घेतला नाही. उपास आहे म्हटलं. कसला, असं त्यांनी विचारलं नाही. थोर बाई.

येताना बेकरीत ग्लुटेन-फ्री मफिन घेतले. बेकरीवाली ओरडूनच म्हणाली, "आजारी माणसाचे का? खालच्या फळीवर बघा." रांगेतले सगळे वळले. मी म्हटलं, "घरच्यांसाठी." मफिन लाकडाच्या भुशाचे असावेत. लाकडात ग्लुटेन नसतं, तेव्हा त्यांची जाहिरात खरी आहे.

१४ मार्च, शनिवार
युक्ती सापडली. काल ऑफिसात कार्ड छापून घेतलं: मला ग्लुटेन चालत नाही, कृपया काळजी घ्यावी. ठळक अक्षर, चौकट. बोलायची गरजच नाही. हे इतकी वर्षं कोणाला सुचलं कसं नाही?

स्टेशनरीच्या दुकानावरच्या नव्या हॉटेलात गेलो. वेटर आला तेव्हा शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं आणि बाई सरळ माझ्या हाताकडे बघत होती. कार्ड खिशातच राहू दिलं. सूप सांगितलं. सूपमध्ये काय असणार.

बिल देताना कार्ड पैशांखाली ठेवून आलो. पुढच्या वेळी त्यांना माहीत असेल.

१५ मार्च, रविवार
सूपमध्ये मैदा असतो.

लेकीला सांगितलं नाही. महिना निम्मा झाला आणि अधिकृतरीत्या माझं पोट एकदाही बिघडलेलं नाही.

२० मार्च, शुक्रवार
उद्या हिचा वाढदिवस. लेक-जावई यायचे आहेत. हॉटेल नको, मी स्वतः बदामाच्या पिठाचा केक करणार आहे, ही करायची तसा. ग्लुटेनचा कणही नाही. लेकीचं तोंड एकदाच बंद होईल. व्हिडिओ पाहून सगळं सामान आणलं.

२१ मार्च, शनिवार
केक फुगला! भांड्यातून सुबक सुटला. व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं होतं, भांड्याला आधी लोणी लावा आणि त्यावर मैदा भुरभुरा, म्हणजे केक चिकटत नाही. घरात मैदा नव्हता. या घरात मैदा कधीच नव्हता, हिने येऊ दिला नव्हता. मुद्दाम छोटं पाकीट आणलं. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. अजिबात चिकटला नाही.

जावयाने दोन तुकडे खाल्ले, म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला." लेक हिच्या फोटोकडे बघत खात होती. मी तीन खाल्ले.

संध्याकाळी ती निघायच्या आधीच मी बाथरूममध्ये.

बाहेर आलो तर ती ओट्याशी ते पाकीट हातात धरून उभी. "बाबा, हे काय?" मी म्हटलं, "ते केकमध्ये नाही, फक्त भांड्याला." ती आधी हसायला लागली, मग रडायला. जावई टीव्हीचा आवाज वाढवून बसला. समजूतदार आहे.

२२ मार्च, रविवार
बदाम जुने असणार. दुकानदाराचा काटा तपासायला हवा.

लेक राहिली होती. सकाळी भात भरवल्यासारखा समोर ठेवला आणि सगळं काढलं. म्हणाली, "आई बोलायची आणि तुम्ही मेनूकार्डाआड बसायचात. जन्मभर तुमचं दुखणं आईने स्वतःचं म्हणून मिरवलं. आता कोण बोलणार?" मी म्हटलं, "मेनूकार्डही कोणीतरी वाचावं लागतं." हे तिला आवडलं नाही.

हिचं कपाट ती तिच्या घरी नेणार नाही, जागा नाही. म्हणजे काढून टाकायचं. चहाची गाळणीही तिच्याकडे तीन आहेत.

शेवटी म्हणाली, "एक शेवटची संधी. शनिवारी बाहेर जा, स्वतःच्या तोंडाने सांगा, जेवा, आणि धड राहा. मी फोन करीन. नाहीतर पुढच्या आठवड्यात टेम्पो येईल."

वाक्य चारच शब्दांचं आहे. टेम्पोला कोणी भीत नाही.

२५ मार्च, बुधवार
ऑफिसात सराव. काट्यावर वजन ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "मला ग्लुटेन चालत नाही." अगदी स्वच्छ निघालं. पलीकडच्या टेबलावरचा शिक्केवाला म्हणाला, "काय हो, काही म्हणालात?" मी म्हटलं, "नाही."

पण निघालं.

२८ मार्च, शनिवार
ऑफिसच्या मागच्या रस्त्यावरच्या हॉटेलात गेलो. तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही. वाढायला एक चुणचुणीत मुलगी. म्हणाली, "काका, एकटेच?"

तोंड उघडलं. आणि मी म्हटलं, "आमची ही येते आहे. तिला ग्लुटेन चालत नाही."

त्यानंतर मी थांबेनाच. सॉस कशाने दाट करता? तळणीचं तेल वेगळं आहे का? पळी कशात बुडवली होती? एवढं मी ऑफिसात वर्षभरात बोलत नाही. उठून आत गेलो, आचाऱ्याशी बोललो. तो हात पुसत म्हणाला, "बाईंना सांगा, बिनघोर या. तवा नवा काढतो." शेजारच्या टेबलावरच्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही. एक जण तर म्हणाला, "नवरा असावा तर असा."

दोन ताटं आली. हिचं समोर, माझं माझ्यापुढे. मुलगी वळली, मी ताटं बदलली. भाजलेला मासा, बटाटे, ताटातच बाजूला बदामाचा केक. हिच्यासारखा नाही, पण केक. सगळं चाटून पुसून खाल्लं. पोट शांत. अजूनही शांत आहे.

तिथेच लेकीचा फोन. "सांगितलंत?" सांगितलं. "स्वतःच्या तोंडाने?" हो म्हटलं. तिने फोन जावयाकडे दिला, तो म्हणाला, "बाबा, ती रडतेय, पण चांगलं रडतेय. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगतो." घर राहिलं. गाळणं राहिलं. शेवटी माझंच खरं झालं.

मग मुलगी भांडी उचलायला आली. समोरच्या खुर्चीपुढे नूडल्स तशाच, गार. माझ्यापुढे माशाचे काटे. म्हणाली, "अहो काका! त्यांचं ताट तुम्ही खाल्लंत? आणि हे त्यांना ठेवलंत? यातलं त्यांना एक घास चालणार नाही!" सगळे बघायला लागले. मघाचा तो नवरा-असावा-तर-असा म्हणणाराही. मी म्हटलं, "तिला उशीर झाला, येत नाही ती." मुलगी म्हणाली, "तरी काय झालं? घरी उपाशी असतील ना त्या."

ती आत गेली. आचाऱ्याने पुन्हा नवा तवा काढला. मी बसून राहिलो.

दोन डबे घेऊन आलो. दोन्ही फ्रिजमध्ये आहेत. एकातल्या नूडल्स मला चालत नाहीत. दुसऱ्यावर मुलीने पेनने लिहिलं आहे, "फक्त बाईंसाठी".