निळ्या खुर्चीचा डावा हात

अमरावती,
रविवार, २१ मे १९६१

आदरणीय केशरबाईस,

धाकट्या जानरावचा जयभीम. भाऊजींनाही सांगावा. तुझ्या कुरडया पोचल्या. प्रवासात त्यांचा चुरा झाला, पण चव शाबूत आहे. इकडे ऊन असं, की आमच्या संशोधन केंद्रात अर्थशास्त्रसुद्धा घाम पुसत बसतं. वाळ्याचे पडदे लागलेत, पण ते मोठ्या साहेबांच्या खोलीला. बाकीच्यांनी देशाच्या प्रगतीच्या वाऱ्यावर राहायचं.

शालू, हे पत्र तूच आईला वाचून दाखवत असशील. मोठ्यानं वाच, आणि मधे काही आलं तरी थांबू नको. मामाचं ऐक.

बाई, आमच्या केंद्राचं काम काय, असं तू मागे विचारलं होतंस. मी समजावून सांगितल्यावर म्हणालीस, "लोकायले इचारून लोकायलेच सांगता, अन् त्याचा पगार भेटते?" अगदी तसंच. सध्या सरकारनं विद्यापीठाला विचारलंय, की छप्पन साली ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या जुन्या सवलती गेल्या, तर आता त्यांच्या पोरापोरींना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती आणि वसतिगृह द्यायची गरज आहे का? उत्तर शोधायला केंद्रानं अकोला जिल्ह्यातल्या काही वस्त्या निवडल्या. त्यात पातूरजवळची आपलीही आली. मला तिकडे धाडलं नाही. आपल्या माणसांची पाहणी आपण करू नये, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. मोठ्या साहेबांच्या माणसांची तर कोणीच करत नाही.

म्हणून आमच्या केंद्रातले खुशालराव आले. माणूस वाईट नाही. लिंबाखाली उभ्यानंच "घरात किती जण?" विचारून जाणाऱ्यांतला नव्हे. घरोघर आत गेला, बसला, चहा प्याला. परत आल्यावर मला कौतुकानं म्हणाला, "जानराव, तुमच्या वस्तीत घरोघरी खुर्ची आहे. सगळ्या निळ्या, आणि सगळ्यांचा डावा हात तारेनं बांधलेला. तिकडे सुतार एकच आहे काय?"

मी हसलो नाही. ती तार मी बांधली आहे.

कापसाच्या जिनच्या मॅनेजरनं टाकून दिलेली ती खुर्ची भाऊजींनी अकोल्याहून आणली, जयंतीला बाबासाहेबांचा फोटो ठेवायला तू ती निळी रंगवलीस, हे खुशालरावांना कोण सांगणार? पुढच्या दारात तू त्यांना बोलण्यात गुंतवलं असशील, तेवढ्यात खुर्ची मागच्या बोळातून शेजारी. तिच्यामागून कपबश्या, धुवून. काहून, तेही मला कळतं. दारातूनच माघारी फिरणारे साहेब आपण जन्मभर पाहिले. एक आत आला, तर त्याला पोत्यावर बसवल्याचा बोल कोणाच्याच घराला लागू नये.

पण आमच्या तक्त्यात खुर्ची आणि कपबशी म्हणजे बरी परिस्थिती. अहवालाचा मसुदा भाषा सुधारायला माझ्याकडेच आला. आपल्या वस्तीपुढे लिहिलं होतं: "राहणीमान समाधानकारक. शिष्यवृत्ती वा वसतिगृहाची निकड दिसत नाही."

शालू, थांबू नको. वाच.

मसुदा मी ऱ्हस्वदीर्घाच्या नावाखाली दाबून ठेवला. बोललो तर वस्ती खोटारडी ठरते. न बोललो तर शालू मॅट्रिक पास होऊनही घरी बसते, आणि तिच्यामागच्या पोरीही. शुक्रवारी बैठकीत शेवटी सांगून टाकलं, की साहेब, त्या वस्तीत खुर्ची एकच आहे. खुशालरावांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

साहेब म्हणाले, "म्हणजे लोकांनी आपल्याला फसवलं."

"नाही साहेब. पाहुणचार केला."

"पाहुणचाराला तक्त्यात रकाना नाही. आणि हे सांगताय तुम्ही. तुमचीच वस्ती, तुमचीच भाची यंदा मॅट्रिकला."

ही माहिती त्यांनी कोणत्या पाहणीतून मिळवली, ते विचारायची माझी छाती झाली नाही. साहेब येत्या शनिवारी स्वतः वस्तीत येणार आहेत. मलाही सोबत नेणार. वस्तीला आधी कळता कामा नये, अशी ताकीद आहे. ती मी आता मोडतो आहे. उघडकीला आलं तर केंद्रातली माझी खुर्चीही जाईल, आणि तिला तर दोन्ही हात धड आहेत.

न कळवावं, तर तुम्ही पुन्हा तेच करणार. साहेबांना पहिल्या घरात खुर्ची दिसेल, दुसऱ्यात दिसेल, आणि मग ते मसुद्यावर सही करतील.

खुर्ची देऊ नको म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. "साह्यबाले भुईवर बसवू? माह्याच्यानं नाई होत." तू ऐकलंस तरी शेजारची पार्बताबाई मोटारीची धूळ दिसताच खुर्ची घेऊन धावेल. म्हणून एवढंच कर. शनिवारी सकाळीच ती विहारात ने, तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो ठेव आणि हार घाल. मग वस्तीत तिला कोणी हात लावणार नाही. साहेबांनी निमित्त विचारलं तर सांग, पोरीचा निकाल यायचा आहे.

मग पोतं अंथर. चहा रोजच्या चेपलेल्या जर्मनच्या गिलासातच दे. त्यात तुझा कमीपणा नाही, साहेबांचाही नाही. खुर्चीत त्यांच्याहून मोठा माणूस बसलेला असेल.

शालू, वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल. आणि बाई, मले पाहून उगाच उठू नको. साहेबाच्या बाजूले, त्याच पोत्यावर, मलेही जागा ठेव.

शनिवारी तुह्या घरी भुईवर बसणारा,
तुझा भाऊ
जानराव