मुतखड्याची बतावणी

नांदूरघाट,
३ मार्च २०२५

तीर्थरूप दादास,
वनिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन ह्यांच्याच खिशात असतो, म्हणून चिठ्ठी लिहिते. तुमच्या मुतखड्यासाठी गाडीवाल्याकडं पानफुटीचा पाला धाडलाय. दोन पानं चावा, वर तांब्याभर पाणी प्या.

दोन महिन्यांपासून ह्यांनाबी अधूनमधून लघवी लाल होतीय. दुखत न्हाई. दवाखान्यात चला म्हणलं तर म्हणतात, कशापायी जायचं? गुरुजींना खडा, तसा मलाबी खडा. कुळथाचं कढण पितात आणि वर बिडी ओढतात. तुमचं ऐकतील.

माया पातळ होऊ देऊ नका.
वनिता


बीड,
५ मार्च २०२५

चि. वनितास अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम वि. वि.

तुझा पाला पोचला. शाळेतल्यांनी दिलेल्या पाच जुड्यांत त्याची भर पडली. आता एखादी शेळी पाळावी म्हणतो. कारण मला खडा नाही. मूत्राशयाचा कर्करोग आहे. तो शब्द शाळेत उच्चारवेना, म्हणून खडा म्हणालो आणि त्यात पुरता अडकलो. मंगळवारी दवाखान्यात जाण्याआधी पाणी कमी प्यायचं असतं, तर शेजारच्या छबुबाई नेमक्या तेव्हाच कढणाचा पेला घेऊन समोर उभ्या. खरं ठाऊक असलेली तुझी वहिनी अंजली भिंतीकडे बघते.

घाबरू नकोस. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. अस्तरातच होती. स्नायूत शिरली असती, तर अख्खं मूत्राशय काढायची वेळ आली असती. पुन्हा उगवू नये म्हणून सहा मंगळवार नळीने आत औषध सोडतात, क्षयाच्या लसीचंच. दोन तास धरून ठेवायचं. ‘संयम’ शब्दाची फोड मी तीस वर्षं फळ्यावर केली. अर्थ मंगळवारी कळतो. पुढेही दर तीन महिन्यांनी दुर्बीण. सुटका नाही, तारखा आहेत.

दाजींचं दुखत नाही, हीच मला धास्ती आहे. माझंही दुखत नव्हतं. लाल आपोआप थांबायचं आणि मी स्वतःला बरा समजायचो. असे चार महिने घालवले. बिडी ओढणाऱ्यांत हा रोग अधिक. त्यांना खडाच असेलही, पण ते तपासणी सांगेल, माझी थाप नव्हे. हे पत्र त्यांना वाचून दाखव. सोमवारी घेऊन ये.

तुझ्या रागास पात्र,
दादा


नांदूरघाट,
७ मार्च २०२५

तीर्थरूप दादास जयभीम.

पत्र वाचून दाखवलं. मधीच उठून गोठ्यात गेले. राहिलेलं मी तिथं जाऊन वाचलं. तर म्हणाले, मला तरी सांगायचं व्हतं, मी काय त्यांच्या शाळेत हाय? येतो म्हणतात, पण दुर्बिणीच्या वक्ताला गुरुजी दाराशी पाहिजेत.

तुमच्यावरचा राग समोर आल्यावर काढीन. ह्यांनी मला, मुक्कामाचे कपडे घेऊ नको, सांजच्याला माघारी यायचं, असं बजावलं व्हतं. मी पिशवीत तीन जोड घातले. त्यांनी बघितलं. काढले न्हाईत.

स्टँडवर या.
वनिता