वैष्णवीच्या गाडीचं बॉनेट

८ नोव्हेंबर, शनिवार
दीपक आज नांदगावहून आपली काळी गाडी आणून आमच्या नाशिकच्या पार्किंगमध्ये सोडून गेला. दीपक म्हणजे माझ्या बायकोचा, वत्सलाचा धाकटा भाऊ. त्याच्या वैष्णवीचं लग्न तीस तारखेला, आणि पोरगी सासरी जाणार ती याच गाडीतून. गाडी सेकंडहँड असली तरी इंजिन उत्तम. बॉनेटवर मात्र उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. दीपकला ते दिसत नव्हते. मी टॉर्च मारून दाखवले. त्यानंतर त्याला गाडीत दुसरं काही दिसेनाच. मी म्हटलं, माझ्यावर सोड.
जाताना तो म्हणाला, "दाजी, तुम्हीच चमकवा अन् तुम्हीच चालवा. पोरीला सासरी तुम्ही पोचवायची."
चौदा वर्षांपूर्वी मी सासुरवाडीची पाण्याची मोटर दुरुस्त केली होती. ती उलटी फिरली, यात माझा दोष निम्माच. तरी तिथे मला अजून 'मोटरवाले दाजी' म्हणतात. तीस तारखेनंतर म्हणणार नाहीत.
संकल्प: रोज सकाळी दोन तास. आठ दिवसांत काम खलास.

९ नोव्हेंबर, रविवार
घाई करणार नाही. आधी अभ्यास. चौदा व्हिडिओ पाहिले, नोट्स काढल्या. हाताने पॉलिश करणं हा अडाणीपणा आहे. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर पाहिजे. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय आडवं झुलतं. वत्सलाला हे टोमॅटो फिरवून समजावलं. तिने टोमॅटो काढून घेतला, कोशिंबिरीला हवा होता.
या मशीनने रंग जाळणं जवळजवळ अशक्य, असं सगळेच सांगतात. 'जवळजवळ' खाली लाल पेनाने रेघ मारली. पंचवीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली ती उगीच नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
प्रश्न असा: पॅडचा झोल, म्हणजे ते आडवं किती झुलतं ते, आठ मिलिमीटरचा घ्यावा की पंधराचा? आठवाला कोपऱ्यांत चांगला, पंधरावाला मोठ्या भागावर. दोन्ही मागवले. तुलना करून एक परत पाठवणार. आठवाल्याला 'अ' म्हणायचं ठरवलं, पंधरावाल्याला 'ब'. वत्सला म्हणाली, तोवर गाडी धुऊन तरी ठेव. तिला क्रम कळत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दोन्ही आले. तुलनेचे एकोणीस निकष ठरवून तक्ता केला. वजन, आवाज, वायरची लांबी, मुठीची पकड, बटण अंगठ्याने दाबलं जातं की तर्जनीने, वगैरे. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं. अ हलका निघाला, पण पॅडसकट नाही.
दुपारी कंपनाची चाचणी. प्रत्येक मशीन दहा मिनिटं धरायची आणि लगेच सही करायची. अ नंतरची सही वाचता येते. ब नंतरची सही माझ्या वडिलांच्या शेवटच्या सहीसारखी आली. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले बाळाजी गुरुजी घाटावरची पूजा उरकून आले. माझा थरथरता हात बघून म्हणाले, डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. मी निकष समजावून सांगितले. त्यांनी सोवळ्याचं निमित्त केलं आणि आत गेले.
एकूण गुण: अ ७१, ब ७१.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
गाडीवर थेट प्रयोग करणं बेजबाबदारपणाचं. म्हणून फ्रिजच्या दारावर केला. वरच्या अर्ध्यावर अ, खालच्यावर ब. आता फ्रिज दोन रंगांचा दिसतो. माझ्या मते हा उजेडाचा दोष. वत्सलाच्या मते माझा.
मायक्रोफायबरचा एक कपडा कमी भरला. तो ओट्यापाशी सापडला, हळद लागलेला. यावर बोलणं झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दीपकचा फोन. किती झालं म्हणून विचारत होता. सत्तर टक्के म्हणालो. डोक्यातलं काम धरलं तर तेवढं भरतं. म्हणाला, लय भारी, आईला सांगतो. म्हणजे आता सासूबाईंनाही कळलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आज प्रत्यक्ष गाडी. बॉनेटवर मास्किंग टेप लावून तीन उभे पट्टे आखले. डावा अ, उजवा ब, मधला जसाच्या तसा. शास्त्रात याला तुलनेचा पट्टा म्हणतात. कडा सरळ याव्यात म्हणून टेप चार वेळा काढून लावली. होते नव्हते ते अडीच रोल संपले, पण रेघ अशी की पट्टी ठेवून बघावी.
ऊन जरा जास्त होतं. पॉलिश पॅडखालीच वाळत होतं. पाणी मारून वेळ निभावली.

२३ नोव्हेंबर, रविवार
आंधळी चाचणी. कोणता पट्टा कोणत्या मशीनचा, हे न सांगता लोकांना विचारलं, सगळ्यात चांगला कोणता.
बाळाजी गुरुजी: मधला.
वॉचमन रंगनाथ: मधला. बाकीचे दोन धुकट वाटतात म्हणाला.
तिसऱ्या मजल्यावरच्या चिमणाबाई: मधला. त्यांनी त्यात वाकून कुंकू नीट केलं.
वत्सला: मधला. न विचारता म्हणाली.
निष्कर्ष: लोकांना मधलं निवडायची सवय असते. पट्टे तीन ठेवायला नको होते. चाचणी रद्द.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आता लक्षात येतंय की खरा सामना अ आणि ब यांचा नाहीच. झोल एकवीस मिलिमीटरचा पाहिजे. बघितलं तर तो यायला सहा दिवस. वत्सलाने मोबाईल हातातून घेतला आणि लग्नाची तारीख मोठ्याने वाचून दाखवली. मला तारीख माहीत आहे. मी फक्त शक्यता तपासत होतो.
निर्णय: ब. कारण तो लवकर उरकतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
रजा घेतली. बॉनेट एकसारखं करायला सुरुवात. डावीकडे छान उतरत होतं. बॉनेटवर जी उंच रेघ असते, तिच्यावर टेप लावून मग मशीन चालवायची असते. हे मला माहीत आहे. टेप शनिवारी पट्टे आखण्यात संपली होती.
रेघेवर एक डाग जाईना, म्हणून मशीन तिथेच जरा दाबून धरली. जरा म्हणजे जरा.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
डाग गेला. रंगही गेला. बत्ताशाएवढं पांढरट गोल दिसतंय. 'जवळजवळ' मध्ये मी आलो.
फार लांबून बघितलं तर काही वाटत नाही. फार म्हणजे गेटच्या बाहेरून. रंगनाथला तिथे उभं केलं. तो म्हणाला, साहेब, दिसतंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
तात्पुरता उपाय शोधला. काळं बूट पॉलिश: चकाकी वेगळी. मार्कर: जांभळा मारतो. वत्सलाचं काजळ: उत्कृष्ट. दहा मिनिटं अक्षरशः काही कळलं नाही. मग ऊन आलं आणि काजळ ओघळत हेडलाइटपर्यंत गेलं.
वत्सला खाली आली. मी म्हटलं, नव्या नवरीच्या गाडीला तीट लावलीय असं सांगता येईल, कोणाची नजर नको लागायला. तिने ओघळ बोटाने पुसून पाहिला. काजळाची डबी उचलून वर गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी दहाला दीपक गाडी न्यायला आला. हळदीचा डाग शर्टावर तसाच, डोळे झोपेने सुजलेले. मी आधी टायर दाखवले. टायर खरंच चांगले झाले होते. मग मागची काच. मग डिकी. तो पुढे आला आणि बॉनेटसमोर उभा राहिला. तीन पट्टे, एक बत्तासा.
मी क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची जाडी, उन्हाचा कोन, मशीनचा झोल, सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. बोटाने तो गोल एकदा चाचपला.
"दाजी, गाडी इथंच राहू द्या. मी मनमाडहून दुसरी सांगतो."
मी विचारलं, मग ती चालवायची मीच ना. तो म्हणाला, तिच्यासोबत तिचा ड्रायव्हर येतो.
चहा घेऊन बसने गेला. चहा पूर्ण प्यायला, ही जमेची बाजू.

१ डिसेंबर, सोमवार
लग्न काल पार पडलं. घरी आजच आलो. लिहायचं नव्हतं, पण लग्नाचंच राहिलं तर रोजनिशी अपुरी दिसते.
हॉलवर मी रुखवताच्या टेम्पोतून गेलो. कपाटाला ओरखडा पडू नये म्हणून कोणीतरी जाणकार मागे बसायला हवा होता.
मांडवात ज्याने त्याने काळ्या गाडीची चौकशी केली. दीपकने आधी गावभर सांगून ठेवलं होतं की दाजी आरशासारखी करताहेत. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात दीपकच मोठ्याने म्हणाला, "दाजींनी मस्त केली होती. नाशिकच्या एका गॅरेजवाल्यानं शेवटी हात मारला अन् बॉनेट जाळलं." आणि माझ्याकडे न बघता पत्रावळी मोजायला निघून गेला.
सगळे माझ्याकडे वळले. दीपकचे चुलते धोंडीराम म्हणाले, म्हणजे नेमकं केलं काय त्यानं?
मी गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न तांत्रिक होता. मी सांगितलं, की त्याने उन्हात काम केलं. पॉलिश वाळू दिलं. उंच रेघेवर टेप लावली नाही. मशीन एका जागी दाबून धरली. मुळात दोन आठवडे नुसती मशीनची तुलना करत बसला, आणि गाडीला हात लावला शेवटच्या आठवड्यात. एवढं मुद्देसूद मी आजवर कधी बोललो नव्हतो. लोक जिलबी हातात धरून ऐकत होते.
सासूबाई लंकाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "असल्या माणसाच्या हातात मशीन द्यायचीच नाय."
मी म्हणालो, बरोबर आहे.
वत्सला शेजारीच होती. तिने पदर तोंडाला लावला आणि पाणी आणते म्हणून उठली. पाणी काही आलं नाही.
पाठवणीच्या वेळी वैष्णवी पाया पडायला आली. म्हणाली, काका, तुम्ही सोडायला येणार होतात ना. मी म्हटलं, या गाडीचा क्लच वेगळा आहे, मला सवय नाही. ती रडता रडता हसली. पांढरी गाडी निघाली. तिच्या बॉनेटवर भरपूर गोल ओरखडे होते, मी मोजले नाहीत.
गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा धोंडीराम परत माझ्याजवळ आले. त्यांच्या मनातून ते जात नव्हतं. म्हणाले, दाजी, तुम्हाला एवढं सगळं कळतं, मग तो गॅरेजवाला हे करत होता तेव्हा तुम्ही होतात कुठं?
मी म्हणालो, तिथंच होतो.